एका इंग्रजाच्या जागी दुसरा इंग्रज

फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिले की समोर गोल बाग दिसते आणि तिच्याभोवती एकसारख्या कमानींच्या इमारती. हे हॉर्निमन सर्कल. स्वातंत्र्यानंतर मुंबईतल्या अनेक रस्त्यांवरची आणि चौकांवरची इंग्रजांची नावे उतरली. इथे मात्र एका इंग्रजाचे नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचे लावले गेले, आणि तेही मोठ्या आनंदाने.

दोनशे वर्षांपूर्वी इथे बाग नव्हती. किल्ल्याच्या तटाच्या आत मोकळे मैदान होते, त्याला ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. पश्चिमेला 1718 साली उघडलेले सेंट थॉमस चर्च. त्याच्याच बाजूच्या वेशीवरून चर्चगेट हे नाव आले. पूर्वेला 1833 मध्ये टाउन हॉल पुरा झाला. मधल्या जागेत कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत. कापूस पुढे कुलाब्याला गेला, तिथून शिवडीकडे, आणि कॉटन ग्रीन हे नाव आज हार्बर लाइनच्या स्टेशनावर उरले आहे.

या मैदानावर लॉर्ड कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा होता. येणारेजाणारे त्याला फुले वाहत, त्याला देव मानत, असे जुन्या मुंबईच्या वर्णनांत सापडते. साहेबांना याचे काय वाटले असेल कोण जाणे! आज तो पुतळा भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली 1850च्या सुमारास शेअर दलाल जमू लागले. शेअर बाजाराची गोष्ट तिथून सुरू होते.

मैदान तोवर उकिरड्यासारखे झाले होते. तिथे गोल चौक बांधायची कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतर आलेले बार्टल फ्रीअर यांनी ती उचलून धरली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, पैशाला तोटा नव्हता. 1872 मध्ये बाग तयार झाली. नाव पडले एल्फिन्स्टन सर्कल. हे जॉन एल्फिन्स्टन. मराठी माणसाच्या तोंडी असलेले माउंटस्टुअर्ट वेगळे.

आता दुसरा इंग्रज. बेंजामिन गाय हॉर्निमन हे फिरोजशहा मेहता यांनी 1913 मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे पहिले संपादक. 1919 मध्ये पंजाबात लष्करी कायदा होता आणि तिथली बातमी बाहेर येऊ द्यायची नाही अशी सरकारची खटपट चालली होती. ‘क्रॉनिकल’ गप्प बसले नाही. एप्रिलमध्ये सरकारने हॉर्निमन यांना पकडून बोटीवर चढवले आणि विलायतेला धाडले. स्वतःच्या जातभाईला हिंदुस्थानातून हद्दपार करण्याची पाळी सरकारवर आली! ते परत आले ते थेट 1926 मध्ये.

दरम्यान ‘क्रॉनिकल’ची खुर्ची सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्याकडे आली होती. 1924 पासून 1949 मध्ये मृत्यू होईपर्यंत ते संपादक होते. हा काळ हिंदू-मुसलमानांतली दरी रुंदावण्याचा. फाळणीची मागणी जोरात असताना मुसलमान संपादकाने काँग्रेसच्या बाजूने, एकसंध देशासाठी लिहीत राहणे म्हणजे आपल्याच माणसांचे टोमणे रोज ऐकणे. ब्रेलवींनी पंचवीस वर्षे ते केले. पारशाने काढलेले, इंग्रजाने वाढवलेले, मुसलमानाने शेवटपर्यंत सांभाळलेले हे वर्तमानपत्र 1959 मध्ये बंद पडले.

बागेशेजारी ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे, 1822 पासूनचा हा गुजराती पेपर आजही निघतो. तिथून जवळच फोर्टातल्या एका रस्त्याला ब्रेलवींचे नाव आहे. बँकांच्या आणि वकिलांच्या पत्त्यांत ते छापले जाते. दुपारी बागेतल्या बाकांवर डबा उघडून बसणाऱ्या कारकुनांना विचारले तर सर्कलचे नाव सगळे सांगतात, माणसाचे क्वचितच कोणी.