रकान्यांचा कारभार

अंदाजपत्रक मांडणाऱ्यांचं एक जुनं दुखणं होतं. रुंद कागद घ्यायचा, उभे रकाने आणि आडव्या ओळी आखायच्या, पेन्सिलीनं आकडे भरायचे आणि बेरजा करत तळाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत यायचं. तिथं पोहोचल्यावर साहेबांनी विचारायचं, ‘कच्च्या मालाचा दर दोन टक्क्यांनी वाढला तर?’ मग खोडरबर काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आकडेमोड अवघड नव्हतीच. एक आकडा बदलला की त्यावर विसंबलेले सगळे बदलावे लागत, हे जिवावर यायचं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिननं हीच खोडाखोड १९७८ मध्ये वर्गातल्या फळ्यावर पाहिली. फळ्यावरचा एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलले तर? कल्पना ब्रिकलिनची, प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिला त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यानं. १९७९ मध्ये ‘ॲपल टू’ संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर बाजारात आलं: ६३ रकाने, २५४ ओळी, किंमत सुमारे १०० डॉलर. संगणक त्याच्या कितीतरी पट महाग, तरी लोक दुकानात जाऊन व्हिजिकॅल्क मागत आणि ते चालवायचं म्हणून संगणकही घेत. हौशी लोकांचं यंत्र व्यापाऱ्यांच्या टेबलावर चढलं ते असं. त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळणं दुरापास्त होतं, त्यामुळे ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांनी ते घेतलं नाही. कल्पना मोकळी राहिली आणि पुढच्या प्रत्येकानं ती उचलली.

स्प्रेडशीटची रचना अगदी साधी. उभ्या रकान्यांना अक्षरं, आडव्या ओळींना क्रमांक. दोन्ही छेदतात तो चौकोन म्हणजे सेल, आणि ‘सी५’ हा त्याचा पत्ता. सेलमध्ये मजकूर राहतो, आकडा राहतो किंवा सूत्र राहतं. सारी करामत सूत्राची. डी२ म्हणजे बी२ गुणिले सी२, एवढं एकदा सांगून ठेवलं की दर किंवा नग बदलताच रक्कम बदलते. तेच सूत्र खाली ओढलं की तिसऱ्या ओळीत ते बी३ आणि सी३ कडे पाहू लागतं. जीएसटीचा दर एकाच सेलमध्ये ठेवायचा असेल तर त्याच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावून तो जागच्या जागी खिळवायचा. कोणता सेल कोणावर अवलंबून आहे याची वंशावळ सॉफ्टवेअर पडद्यामागे सांभाळतं आणि बदल त्या क्रमानं पुढे नेतं. दोन सेल एकमेकांच्याच भरवशावर राहिले, तर मात्र ‘सर्क्युलर रेफरन्स’ म्हणून हात वर करतं.

सूत्र लिहिणारा हा माणूस खरं तर प्रोग्राम लिहीत असतो, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही. संगणकशास्त्राचं तोंडही न पाहिलेल्या कोट्यवधी लोकांच्या हाती संगणकाला आज्ञा देण्याची ताकद आली ती या चौकोनांमुळे. मात्र प्रोग्राम तपासण्याची शिस्त सोबत आली नाही.

व्हिजिकॅल्कचं राज्य अल्पकाळ टिकलं. मिच कॅपोर आणि जोनाथन सॅक्स यांचं ‘लोटस १-२-३’ १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी आलं. ते वेगवान होतं, आलेखही काढायचं. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल १९८५ मध्ये आधी ॲपलच्या मॅकिंटॉशवर आलं आणि १९८७ मध्ये विंडोजवर. लोटसचे ग्राहक ओढायचे तर त्याच्या फायली जशाच्या तशा चालायला हव्यात, म्हणून एक्सेलनं लोटसची एक चूकही जाणूनबुजून उचलली. लोटस १९०० हे लीप वर्ष धरायचं. आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख सापडते.

आजच्या स्प्रेडशीटचे प्रकार ओळखायचे तर शीट राहते कुठे, तिला हात किती जणांचे लागतात आणि तिची मांडणी कशी, हे पाहावं.

पहिला प्रकार आपल्या संगणकावर राहणारा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. पिव्हट टेबलसारखी हत्यारं आणि वारंवारची कामं उरकणारे मॅक्रो ही त्याची बलस्थानं. लिबरऑफिसचं ‘कॅल्क’ फुकट आणि मुक्तस्रोत आहे. रोजच्या कामाला ते पुरून उरतं. दुसरा प्रकार ब्राउझरमध्ये उघडणारा: २००६ मध्ये आलेलं गूगल शीट्स, चेन्नईच्या झोहो कंपनीचं झोहो शीट, आता खुद्द एक्सेलही. इथं एकाच शीटमध्ये अनेक जण एकाच वेळी लिहितात आणि गूगल शीट्समध्ये कोणी काय बदललं याचा इतिहासही मागे जाऊन पाहता येतो. तिसरा प्रकार ॲपलच्या ‘नंबर्स’चा. तिथं कोऱ्या पानावर हव्या तितक्या छोट्या सारण्या मांडायच्या. सादरीकरणाला देखणा, अवाढव्य माहितीला तोकडा. चौथा ‘एअरटेबल’सारखा, दिसायला शीट पण आतून डेटाबेस. तारखेच्या रकान्यात तारीखच जाणार, हा नियम तिथं आधीच ठरवून ठेवता येतो.

हा नियम किती मोलाचा, हे जनुकशास्त्रज्ञांना विचारावं. ‘मार्च१’ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाइप केलं की त्याची तारीख व्हायची. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीनं जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं प्रयोगशाळांचे कोरोना अहवाल जुन्या एक्सेल फायलींत ओतले. त्या फायलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. जास्तीच्या ओळी गळाल्या, सुमारे १६ हजार बाधितांची नोंद मागे पडली आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला.

महाराष्ट्रात स्प्रेडशीट घरोघरी नेली ती २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानं. त्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीच्या अटींत स्थान मिळाल्यावर तालुक्याच्या गावची पोरंही एक्सेल शिकली. आज सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेचा निकाल, बचत गटाचे हप्ते, गणेश मंडळाची वर्गणी सगळं शीटवर चालतं. बहुतेक ठिकाणी ती आखणारा एकच असतो आणि सूत्रं फक्त त्यालाच ठाऊक असतात.

धोका नेमका इथं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० मधल्या शोधनिबंधाचा आधार सरकारी खर्चकपातीच्या बाजूनं जगभर दिला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं त्यांची मूळ शीट मागवून उघडली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. निबंध वाचून हे कळण्याजोगं नव्हतं. छापलेल्या कागदावर उत्तर दिसतं, सूत्र दिसत नाही.

म्हणून एकट्याच्या मोठ्या हिशेबाला एक्सेल किंवा कॅल्क घ्यावं, दहा जणांनी भरायच्या यादीला ऑनलाइन शीट, आणि वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या नोंदींना सरळ डेटाबेस. मात्र निर्णय शीटच्या भरवशावर घ्यायचा असेल, तर पीडीएफ किंवा प्रिंट पुढे करून भागत नाही. मूळ फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी आणि सूत्रं वाचायला लावावीत.