संगणकाचा गळा आणि मुलांचा गंधार

आपल्या शाळांमधल्या समूहगीतात बहुतेक वेळा सगळी मुलं एकच चाल गातात. पाश्चात्त्य शास्त्रीय वृंदगान वेगळं असतं. त्यात सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बास हे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात. मोझार्टची १७९१ मधली ‘आवे वेरुम कॉर्पुस’ ही छोटीशी रचना याचा छान नमुना आहे. पण अशी रचना बसवायची, तर चारही चाली एकत्र कशा लागतील हे शिक्षकाला आधी कळणार कसं? एका गळ्यातून चार आवाज काही निघत नाहीत! इथे गाणारं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं.

ते गातं कसं?
खऱ्या गायकाच्या आवाजातले उच्चारांचे बारीक तुकडे आधी रेकॉर्ड केलेले असतात. आपण स्वर, त्याची लांबी आणि शब्द भरायचे. सॉफ्टवेअर ते तुकडे जोडून गातं. यामाहाचं व्होकलॉइड २००४ मध्ये असंच बाजारात आलं.

म्हणजे आधी स्वरलेखन हवंच. नाशिककरांना हे नवं नाही. गाणं वर्गात शिकवता यावं म्हणून स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात इथेच राहिले.

वृंद वाटावा म्हणून
• एकच आवाज आठ वेळा कॉपी केला, तर वृंद होत नाही, आवाज फक्त मोठा होतो. प्रत्येक प्रतीची सुरुवात आणि सूर किंचित मागेपुढे करा.
• श्वासाच्या जागा सोडा. यंत्राला दम लागत नाही, मुलांना लागतो.
• व्यंजन ठोक्याच्या जरा आधी आणि स्वर बरोबर ठोक्यावर येऊ द्या.

खरी काळजी गंधाराची
सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. सॉफ्टवेअर मात्र सहसा पियानोसारखं ट्यून केलेलं असतं; त्याचा गंधार ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण सा-ग-प एकत्र लांबले की सूर मिळत नाहीत, थरथरतात. मुलं ऐकूनच शिकतात, त्यामुळे रोज चढा गंधार कानावर पडला तर तोच गळ्यात बसतो. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल, तर अशा लांब जागी ‘ग’ १४ सेंटने उतरवा.

पालकांना घरच्या सरावासाठी फाइल पाठवताना त्या मुलाची चाल मोठी आणि बाकीच्या तीन बारीक ठेवा. चाल पाठ झाली की फाइल बंद! पुढचा सराव तंबोऱ्यावर, एकमेकांचा आवाज ऐकत. चाल यंत्र शिकवेल. सूर मिळवायला मात्र शेजारी गाणारं दुसरं मूल लागतं.