मातीचें धरण आणि त्याचा धनी

मालवण तालुक्यांतील धामापूरचा तलाव आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. दोन टेकड्यांमधील जागा मातीच्या बांधानें अडवून नागेश देसाई यांनीं तो १५३० सालीं बांधविला, आणि जवळजवळ पांचशें वर्षें तो उभा आहे. मातीचें धरण मुळांतच दुबळें, असें मानण्याचें कारण नाहीं. त्याला देखरेख मात्र दगडी बांधाहून अधिक लागते.

ही देखरेख करावयाची कोणीं? श्रोतेहो, स्वतःच्या जमिनींतील व्हाळ अडवून ज्यांनीं बागेपुरतें पाणी साठविलें आहे, त्यांच्यापुरतें उत्तर सोपें आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा दहा मीटरांहून कमी उंचीच्या धरणांना लागू नाहीं. तेव्हां अशा बांधाचा धनी तोच त्याचा पहारेकरी.

२ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवऱ्याचें मातीचें धरण फुटलें व वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. खेकड्यांनीं धरण पोखरलें, असें त्या वेळीं मंत्र्यांनीं सांगितलें आणि त्याचें हंसें झालें. तें रास्तच होतें; गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं पूर्वींच केली होती. पण आपल्या लहानशा बांधांतील कुर्लीचें बीळ कोणीं हंसण्यावारी नेऊं नये. बिळांतून किंवा कुजलेल्या मुळाच्या पोकळींतून पाणी वाट काढतें, जातांना मातीचे कण घेऊन जातें, आणि बाहेरच्या उतारापासून आंत आंत अशी नळी कोरली जाते. वरून बांध धडधाकटच दिसतो! म्हणून बिळें दिसतांच खणून, माती ठोकून बुजवावीं. बांधावर गवत असावें, झाड नसावें. रोप कोंवळें असतांनाच उपटावें.

पायथ्याशीं थोडा पाझर बहुतेक बांधांना असतोच. तो स्वच्छ आणि रोज तेवढाच असेल तर भिण्याचें कारण नाहीं. गढूळ पाणी येऊं लागलें, कीं धोका जवळ आला. अशा वेळीं पुष्कळजण चिखलानें बाहेरचें तोंड बुजवितात. पाणी मग दुसरीकडून फुटतें. त्या तोंडावर आधीं वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड रचावे, म्हणजे पाणी निघून जातें व माती अडते. तलावांतील पाणी लगेच उतरवूं लागावें आणि जाणत्या अभियंत्यास बोलवावें.

सांडव्याविषयीं एकच सांगतों. मासे अडविण्यासाठीं जाळें, किंवा चार दिवस अधिक पाणी राहावें म्हणून मातीच्या गोणी, त्यांत पावसाळ्यांत कदापि ठेवूं नयेत. कोंकणांतल्या पावसानें पाणी माथ्यावरून वाहूं लागलें, तर मातीचा बांध कांहीं तासांत वाहून जाऊं शकतो. खालच्या वाडीला अपरात्रीं कोणीं व कसें उठवावयाचें, हें मृग लागण्यापूर्वींच ठरवून ठेवावें.