जहाजाशिवाय चॉकलेटची सहल

मेक्सिकोचे कोझुमेल असो की कॅरिबियन समुद्रातले सेंट लुसिया, बंदरावर उतरलेल्या क्रूझच्या प्रवाशांसाठी तिथे एक सहल हमखास ठेवलेली असते. कोकोच्या बिया भाजायच्या, वाटायच्या आणि स्वतः केलेले चॉकलेट घेऊन पुन्हा जहाजावर चढायचे. मुलांना तर त्या दिवसापुढे बाकीचा समुद्र फिका वाटतो.

आपल्याकडेही नव मंगळुरू बंदरात क्रूझ येतात. पाहुणे मूडबिद्रीची हजार खांबांची जैन बसदी, कद्रीचे मंदिर पाहतात आणि संध्याकाळी परततात. मंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या पुत्तूरला मात्र फारसे कुणी जात नाही. वास्तविक चॉकलेटची खरी गोष्ट तिथेच आहे.

बेंगळुरूच्या उत्तरेला, रेल्वेची चाके बनवणाऱ्या कारखान्यासाठी आणि विमानांच्या प्रदर्शनासाठी ओळखल्या जाणाऱ्या येलहंक्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने दिवाळीच्या सुट्टीत तीच वाट धरली. निमित्त होते आजीच्या माहेरचे. दक्षिण कन्नड आणि कासरगोड भागात पिढ्यान् पिढ्या पोफळीच्या बागा सांभाळणारी कऱ्हाडे कुटुंबे आहेत. त्यांची घरातली बोली ऐकली की रत्नागिरीकडच्या माणसाचेही कान टवकारतात. सकलेशपूरनंतरच्या घाटातले सत्तावन्न बोगदे मोजता मोजता मुलांचा प्रवास संपला आणि सगळे कबक पुत्तूर स्टेशनवर उतरले.

बागेत पोफळीच्या सावलीला कोकोची झाडे. फळ फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडालाच चिकटलेले! फोडले की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया. गर मुलांनी चोखून संपवला, पण बी चावली तेव्हा तोंडे वाकडी झाली. चॉकलेटचा वास त्या बीला अजून यायचा असतो. बिया गरासकट पाच-सहा दिवस झाकून आंबवतात, मग उन्हात वाळवतात. चवीचा पाया घातला जातो तो या आंबवण्यात, भाजणे ही त्यापुढची पायरी.

आजीच्या भावाने, म्हणजे मुलांच्या मामाआजोबांनी, झाडे दाखवता दाखवता जुनी आठवणही सांगितली. कंपन्यांच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी कोको लावला आणि 1980 च्या सुमारास भाव कोसळले, घेणारे मागे सरले. कित्येकांनी झाडे तोडली. त्या वेळी खरेदीला उभी राहिली ती 1973 साली सुपारी उत्पादकांसाठी वारणाशी सुब्राय भट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली कॅम्पको ही सहकारी संस्था. नुसत्या बिया विकून भागणार नाही हे ओळखून तिने 1986 साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखानाच काढला. मामाआजोबांची झाडे वाचली ती त्यामुळे. 2024 साली पश्चिम आफ्रिकेतले पीक घटले, जगभर भाव भडकले आणि केरळात वाळलेल्या बिया किलोला हजार रुपयांवर गेल्या, तेव्हा झाडे तोडलेल्यांना काय वाटले असेल, हे त्यांना विचारायचे धाडस कुणाला झाले नाही.

अर्धा किलो वाळलेल्या बिया घेऊन मंडळी येलहंक्याला परतली. पुढचे काम आजीच्या ओळखीचेच. कढईत मंद आचेवर बिया भाजल्या, साले तडतडली, सुपात पाखडली. साल आणि ओल जाऊन पावणेचारशे ग्रॅम उरले. मिक्सरमधून काढून तो चुरा इडलीच्या पिठाच्या दगडी ग्राइंडरमध्ये गेला. गंमत म्हणजे आज जगभरातले छोटे चॉकलेटवाले जी दगडी यंत्रे वापरतात, ती याच दाक्षिणात्य ग्राइंडरवरून घडवलेली आहेत. चुऱ्याला तेल सुटले की पिठीसाखर घालायची. भांडे मात्र ठणठणीत कोरडे हवे, कारण पाण्याचा एक थेंबही मिश्रणाचा गोळा करतो. कारखान्यासारखा मऊपणा यायला चोवीस तास दळावे लागते, पण घरचा ग्राइंडर तेवढा वेळ चालवू नका, मोटर जळेल. इथे चार तासांतच थांबले. वड्या कणीदार झाल्या, कडवटही. धाकट्याने एक खाऊन दुसरी परत ठेवली. मोठीने मात्र त्या मोजून डब्यात भरल्या.

कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते. येलहंका नऊशे मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यात वड्या टेबलावरच धरतात. किनाऱ्यावर तसे नाही. मामाआजोबांना कुरियरने पाठवलेल्या सहा वड्या पुत्तूरला पोचेपर्यंत कागदाला चिकटून गेल्या होत्या. चाळीस वर्षे कोको पिकवूनही आपल्या बागेतल्या बियांचे चॉकलेट त्यांनी कधी चाखले नव्हते. ते त्यांनी कागदावरून चमच्याने खरवडून खाल्ले आणि साखर जास्त झाल्याचे फोनवर कळवले.