दाह की कर्करोग? – ध्वनीची साक्ष

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार होऊन बरी झालेली एखादी स्त्री वर्ष-दीड वर्षाने शौचावाटे रक्त जाते म्हणून रुग्णालयात येते, तेव्हा तिच्या मनात प्रश्न एकच असतो : रोग उलटला काय? पुष्कळदा तसे नसते. गर्भाशयमुखामागेच गुदाशय असल्याने किरणांचा ताप त्याच्या पुढच्या भिंतीलाही सोसावा लागतो. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीच्या किरणोपचारानंतरही हेच घडते. भिंतीतील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, व्रण पडतात, भिंत जाड व ताठर होते.

दुर्बिणीतून पाहावे, तर दाहाचा व्रण आणि कर्करोगाचा व्रण कित्येकदा सारखेच दिसतात. तुकडा काढून तपासणे हा सरळ मार्ग खरा. पण रक्तपुरवठा आटलेल्या जागी केलेली जखम भरून येईलच असे नाही. क्वचित तेथून योनिमार्गापर्यंत छिद्र पडते, आणि निदानापायी नवेच दुखणे जडते.

अशा वेळी श्राव्यातीत ध्वनी उपयोगी पडतो. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. येथे वापरतात तो काही दशलक्ष कंपनांचा. जॉन वाइल्ड या शल्यवैद्याने १९५० च्या सुमारास अमेरिकेत आतड्याच्या भिंतीचे प्रतिध्वनी टिपले होते. दुर्बीण आणि हे ध्वनियंत्र एकाच नळीत आले ते १९८० च्या आसपास.

गुदाशयाची निरोगी भिंत दोन-तीन मिलिमीटरांचीच. पण या चित्रात तिचे उजळ व काळे असे पाच पट्टे आलटूनपालटून दिसतात. दाहात भिंत सुजते, विशेषतः श्लेष्मल त्वचेखालचा थर फुगतो. तरी पट्ट्यांचा क्रम बहुधा टिकून राहतो. कर्करोग थरांची मर्यादा पाळत नाही. त्याचा काळसर गोळा एक थर फोडून दुसऱ्यात शिरतो, आणि तेथे पट्टेच पुसले जातात.

मात्र ही साक्ष निर्णायक मानणे धोक्याचे. किरणांनी झालेला जुना वणही पट्टे पुसट करतो, आणि वण कोणता व रोग कोणता हे सांगताना जाणता तज्ज्ञही चुकतो. म्हणून संशय उरला, तर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र घेऊन पहिल्याशी ताडून पाहतात. भिंतीत खोल किंवा भिंतीबाहेर गाठ दिसलीच, तर त्याच चित्राच्या आधाराने बारीक सुई तिच्यात नेऊन तपासणीपुरत्या पेशी ओढून घेतात.