आधी मॅमोग्राफी, मग पेट स्कॅन

वसईजवळच्या गास गावात कुणाच्या छातीत गाठ लागली की शेजारीपाजारी सल्ला तयार असतो, "मॅमोग्राफी कशाला? एकदम पेट स्कॅन कर, सगळं कळेल." सल्ला मायेचा, पण उलट्या क्रमाचा.

गाठ कसली हे ठरतं डॉक्टरांच्या हाताने, मॅमोग्राफी-सोनोग्राफीने आणि शेवटी बायोप्सीने. पेटमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात, ती जास्त ओढणाऱ्या पेशी चित्रात उजळतात. सेंटिमीटरहून लहान गाठ त्यात निसटू शकते आणि टीबीची गाठही उजळू शकते. आजार वाढलेला असेल तर तो कुठवर पोचलाय हे पाहायला मात्र पेट उपयोगी.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष आले: या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो आजार हाडांत पोचलाय का हे पाहणारा बोन स्कॅन. रिपोर्टमध्ये काळा डाग दिसला की घरात रडारड सुरू. त्यातलं टेक्नेशियमचं औषध जिथे हाड नव्याने घडतंय तिथे जमतं. मग ते कॅन्सरमुळे असो, जुन्या फ्रॅक्चरमुळे असो की झिजलेल्या सांध्यामुळे. वाडीत ओणवं राहून भाजी खुडण्यात जन्म गेला, तर गुडघ्यांत आणि कमरेत डाग दिसू शकतात. शंका असेल तर डॉक्टर त्या जागेचा सीटी किंवा एमआरआय करून घेतात.

"सुईतलं रेडिएशन अंगात राहतं, महिनाभर नातवंडाला जवळ घ्यायचं नाही," हेही ऐकू येतं. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, शिवाय लघवीवाटे जातं. भरपूर पाणी प्यायचं, आणि तान्ह्या मुलांपासून व गरोदर बाईपासून डॉक्टर सांगतील तितके तास लांब राहायचं, एवढंच. अंगावर दूध पाजणारीने मात्र आधीच सांगावं.

पेटमधलं फ्लोरिन तर 110 मिनिटांतच निम्मं होतं. साठवून ठेवता येत नाही, त्याच दिवशी सायक्लोट्रॉनमध्ये बनवावं लागतं. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. म्हणून पेटला जाताना विरार लोकल रखडली तर लगेच स्कॅन सेंटरला फोन करा. औषध तुमच्यासाठी थांबत नाही. पेटला उपाशीपोटी जायचं, साधं पाणी चालतं. डायबेटिस असेल तर गोळी-इन्सुलिनचं आदल्या दिवशीच विचारून घ्या, कारण रक्तातली साखर चढलेली असली तर चित्र बिघडतं.

राहिला काखेतल्या लसीका गाठींचा प्रश्न. "ऑपरेशनमध्ये काखेतल्या सगळ्या गाठी काढतातच" हे आता सरसकट खरं नाही. आजार लवकर सापडला असेल तर स्तनात थोडं टेक्नेशियम टोचतात, ते ज्या गाठीत आधी पोचतं ती सर्जन छोट्या गॅमा प्रोबने शोधून तपासायला पाठवतात. तिच्यात कॅन्सर नसेल तर बाकीच्या गाठी राहू देतात आणि पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो.