जुन्या वेषातील नवी बाहुली

पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्या गृहस्थाचे आपल्याकडे कौतुक होते; जुनी नाणी जमविणारा तर विद्वानांतच मोडतो. परंतु दोन मुलांच्या बापाने टपालाने आलेले खोके उघडून त्यातून अंतराळवीराची पावणेचार इंची बाहुली काढली, की घरातील वडील मंडळींच्या कपाळी आठी पडते. पूर्वी अशी वस्तू हवी असल्यास मुंबईस जाणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी लागे. आता नांदेड-लातूरकडेही ती घरबसल्या मागविता येते आणि म्हणून तो आठीचा प्रश्नही घरोघर येऊ पाहत आहे. वडिलांचे चुकते असे आम्ही म्हणत नाही. तथापि निवाडा देण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, हे तरी पाहावे.

प्रथम नावाविषयी. इ. स. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलग्यासाठी ‘बाहुली’ विकत घ्यावयास तेथील बाप धजावणार नाहीत, या भीतीने तिला ‘अ‍ॅक्शन फिगर’ असे मर्दानी नाव देण्यात आले. आमच्या मराठीत ‘बाहुला’ हा खणखणीत पुल्लिंगी शब्द पूर्वापार असल्यामुळे ही पंचाईत आपणांवर कधी आलीच नाही.

यापुढचा खरा इतिहास १९७७ सालचा. त्या वर्षी ‘स्टार वॉर्स’ हा विज्ञानकल्पित बोलपट प्रदर्शित झाला आणि त्याने लोकांस वेड लावले. खेळणी बनविण्याचा मक्ता घेतलेल्या केनर कंपनीजवळ नाताळच्या बाजारासाठी एकही बाहुला तयार नव्हता. तेव्हा तिने काय करावे? रिकामे पाकीट विकले! आत चित्राचा पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र. ते भरून पाठविणाऱ्यास पुढील वर्षी चार बाहुल्या टपालाने घरपोच. लोकांनी ते रिकामे पाकीट पैसे मोजून घेतले. १९७८ मध्ये बारा बाहुल्यांचा पहिला संच निघाला. बाहुला एवढा लहान ठेवण्यामागे हिशेब होता. मूर्ती पावणेचार इंची असेल तरच तिला बसावयास विमाने व अंतराळयाने बेताच्या आकारात आणि बेताच्या किंमतीत करता येतात. मान, दोन हात व दोन पाय असे पाचच सांधे. गुडघा वाकत नाही, कोपर वाकत नाही. १९८५ च्या सुमारास ही मालिका संपली. ज्या पोरांनी हे बाहुले मातीत लोळविले होते, ती पुढे मिळवती झाली आणि हरवलेले बाहुले दामदुप्पट देऊन परत घेऊ लागली. इथवर सर्व समजण्यासारखे आहे.

नवल पुढेच आहे. १९७९ मध्ये ‘एलियन’ हा भयपट आला. केनरने त्यातील अठरा इंची राक्षस विकावयास काढला. त्याबरोबर पावणेचार इंची मूर्तींचेही नमुने करविले. पण चित्रपट प्रौढांचा, राक्षस भेसूर, आईबाप नाराज! लहान मूर्ती नमुन्यांवरच थांबल्या. तब्बल चौतीस वर्षांनी, २०१३ मध्ये, सुपर सेव्हन व फंको या कंपन्यांनी त्या नमुन्यांवरून मूर्ती करून, जुन्या धर्तीच्याच रंगीत पुठ्ठ्यावर चिकटवून, विक्रीस मांडल्या. जे खेळणे कोणत्याही मुलाच्या हाती कधीच पडले नव्हते, ते ‘जुने खेळणे’ म्हणून खपू लागले. हा व्यापार इतका रुचला, की २०१९ पासून खुद्द हॅस्ब्रोही केनरचे जुने नाव छापलेल्या पुठ्ठ्यावर पाच सांध्यांचे नवे बाहुले विकू लागली. अठ्ठावीस सांध्यांची मूर्ती करण्याची कला अवगत असताना मुद्दाम पाच सांध्यांची करणे, याला काय म्हणावे? लग्नात हौसेने शालू-नथ घालणाऱ्या पदवीधर नातीसारखेच हे आहे, असे आम्हांस वाटते. ती आजीच्या काळात जात नाही. तो काळ तेवढा अंगावर घेते.

पैशाची बाजूही दृष्टीआड करून चालणार नाही. बोबा फेट नामक पात्राचा बाजारात कधी न आलेला एक जुना नमुना २०२४ मध्ये अमेरिकेत ५,२५,००० डॉलरांस लिलावात गेला. असले आकडे वाचून कोणी नव्या मूर्ती ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊ लागेल, तर त्यास घरच्यांनी अवश्य आवरावे. जुनी वस्तू महाग झाली, कारण ती मुलांनी मोडली म्हणून दुर्मीळ झाली. नवी तर जन्मापासूनच जपली जाते, मग ती दुर्मीळ व्हावी कशी? शिवाय आपल्याकडे खेळण्यांवरील आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आली होती. म्हणजे आरंभीच चढा भाव.

परंतु आमचा मुख्य आक्षेप पैशाचा नाही. मराठवाड्यात ज्यांचे बालपण १९८० नंतरच्या दशकात गेले, त्यांच्या हाती केनरचा बाहुला कोठून येणार? त्यांनी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहिले, ‘जायंट रोबॉट’ पाहिला, १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ ही आपल्याकडील विज्ञानकथा पाहिली. खेळावयास मात्र काड्यापेटीचे यान आणि पावडरीच्या डब्याचा यंत्रमानव. आज तोच मनुष्य जो बाहुला मागवितो, तो सिनसिनाटीच्या मुलाच्या आठवणीचा आहे, त्याच्या स्वतःच्या नव्हे. आठवणीची हौस वेगळी आणि आठवण वेगळी.

आणि गंमत अशी की, त्या काळी आपल्या देशातही असे बाहुले होत होते. मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ या छापाखाली मॅटेलच्या सहकार्याने ही-मॅनची पात्रे निघत. फनस्कूल ही कंपनी तर गोव्यात बाहुले घडवी. हॅस्ब्रोकडील साचे आणावयाचे आणि त्यांतून ‘जी. आय. जो’चे सैनिक काढावयाचे. साचा परका, रंग मात्र येथल्या मर्जीचे. हिरव्या पात्रास पिवळा पोशाख चढला तरी कोणी विचारीत नसे. त्याच विजोड रंगांमुळे परदेशचे संग्राहक आज हे हिंदी बाहुले हुडकीत असतात. आपल्या घरी मात्र ते दिवाळीच्या आवराआवरीत मोडक्या बादलीबरोबर भंगारवाल्याकडे गेले. दिवाळीत किल्ला करण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथील मातीचे मावळे तर त्याहून अल्पायुषी. किल्ला मोडला की तेही परसातल्या मातीत मिसळून जातात.

याउलट एक उदाहरण लातूरच्या शेजारीच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव म्हणजे ग्रीक प्रवासवृत्तात उल्लेखिलेले प्राचीन तगर. गोरोबा काकांचे गाव म्हणून ते प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहेच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून मिळणाऱ्या मूर्ती, मणी, नाणी, खापरे वर्षानुवर्षे जमविली. इतरांना जो मातीचा कचरा वाटे, तो त्यांनी उचलून ठेवला. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. त्यातील सातवाहनकालीन पांढऱ्या मातीच्या मूर्ती पाहाव्यात. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात दाबून, दोन्ही अर्धुके जोडून त्या पोकळ केलेल्या आहेत. केनरच्या बाहुल्याचे धडही दोन अर्धुके जोडूनच होते. केवळ मातीच्या जागी प्लॅस्टिक आले. त्या मूर्तींतील कोणती पूजेची आणि कोणती पोराच्या हातची, हे ठरविणे पंडितांसही सोपे जात नाही. पुण्यास कवी ‘अज्ञातवासी’ दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावे उभारलेल्या संग्रहालयातही दिवे, अडकित्ते, खेळणी अशा घरगुती जिनसांचेच वैभव आहे.

तेव्हा ज्यांस हा छंद जडला आहे, त्यांनी तो सोडावा असे आम्ही सांगणार नाही. एखादा केनरच्या धर्तीचा बाहुला कपाटात असू द्यावा. पण त्याशेजारी मामाच्या माळ्यावर सापडलेला गोव्याचा सैनिकही असावा, मग त्याचा अंगठा तुटका का असेना. जपणुकीविषयी दोन शब्द. आपल्याकडील उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा उष्म्यात नरम प्लॅस्टिक चिकट होऊ लागते, म्हणून पत्र्याखालचा माळा टाळावा. थेट उन्हाने पांढरा रंग पिवळा पडतो. पुठ्ठ्यास कसर लागते, हे खरे. परंतु तेवढ्यासाठी कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत, त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. त्याऐवजी दर महिन्यास कपाट उघडून झटकावे, हा आजीबाईंचा उपायच बरा.

याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. बाहुला कोणाचा, कोणत्या साली, कोठून आला, पाठीवर कोणत्या देशाचे नाव कोरले आहे, कोणी मोडला, कोणी चिकटविला, हे सर्व तीत लिहावे. पुठ्ठा फोडावा की न फोडावा, यावर संग्राहकांत हमरीतुमरी चालते. एकत्र कुटुंबात तो निर्णय बहुधा संग्राहकाच्या हाती राहत नाही. पुतण्याने दुपारच्या सामसुमीत पुठ्ठा फाडून अंतराळवीरास किल्ल्याच्या बुरुजावर मावळ्यांच्या पंक्तीस नेऊन उभे केलेच, तर तेही तारीखवार वहीत उतरवून ठेवावे.